“नाव सांगायचं सोडून प्रश्नच विचारतात” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला, दोन स्टार दिलेत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बिलिंग आणि स्टॉकसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं एवढंच विचारायला तुम्ही आलात, आम्ही एक नाव सांगून मोकळं व्हायचं सोडून प्रश्न विचारत बसलो, बिल कोण कॅन्सल करतं असलं विचारून तुमच्या माणसांवर संशय घेतला, तुम्हाला आवडलेल्या मोठ्या पॅकेजला नको म्हणालो, साधं गळ्यात मारलं, आणि आता त्यात वायरचा स्टॉक मायनस दाखवतोय. हे इतर दुकानदारही वाचणार म्हणून सविस्तरच लिहितो. तुमच्या धंद्याचे आकडे तुमचे आहेत, ते इथे येणार नाहीत, तुम्ही रिव्ह्यूत जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी मायनस स्टॉक, कारण तुमचा खरा त्रास तो आहे. वायर येते बंडलमध्ये आणि विकली जाते मीटरवर. खरेदीच्या एंट्रीत युनिट ‘नग’ ठेवून १० बंडल टाकले तर सिस्टिमला वाटतं १० आले, मग काउंटरवरून ३५ मीटर गेली की १० मधून ३५ वजा, उणे २५. प्रत्यक्षात रॅकवर नऊ अख्खे बंडल आणि एक फोडलेला पडलाय, आणि स्क्रीन म्हणते मालच नाही. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक वस्तूची मूळ माहिती ठेवणाऱ्या यादीत, एकदाच भरायचं असतं की खरेदीचं युनिट बंडल, विक्रीचं युनिट मीटर आणि १ बंडल म्हणजे १०० मीटर, की मग त्याच व्यवहारानंतर ९६५ मीटर शिल्लक दिसते. हे तुमच्या आत्ताच्या पॅकेजमध्ये आहे, आणि जे मोठं पॅकेज तुम्हाला हवं होतं त्यात मास्टर अर्धवट भरला असता तरी हेच उणे २५ दिसलं असतं.

मायनसचं दुसरं कारण म्हणजे वेळ. माल सकाळी उतरतो, दुपारी विकायला सुरुवात होते आणि खरेदीची एंट्री होते रात्री किंवा दोन दिवसांनी, म्हणजे विक्री आधी आणि आवक नंतर. बहुतेक पॅकेजमध्ये मायनस स्टॉकला बिल अडवायचं की जाऊ द्यायचं याची सेटिंग असते. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या दुकानात बिल अडवू नका, गिऱ्हाईक समोर उभं असताना काउंटरवरचा माणूस भलत्याच आयटमवर बिल फाडून मोकळा होतो आणि मग एकाऐवजी दोन आयटमचा स्टॉक चुकतो. जाऊ द्या, पण मायनसची यादी रोज संध्याकाळी काढा आणि त्याच दिवशी कारण शोधा.

आणि वायरचं अजून एक. सिस्टिममध्ये ३५ मीटर शिल्लक आहे, पण ती ७ मीटरचे ५ तुकडे मिळून असेल आणि गिऱ्हाइकाला २० मीटर सलग हवी असेल तर तो आकडा काय कामाचा? ज्याच्याकडे सलग लांबीची विक्री जास्त त्याला प्रत्येक बंडलची आणि तुकड्याची शिल्लक वेगळी दाखवणारं पॅकेज लागतं, ज्याच्याकडे किरकोळ तुकडेच जातात त्याला नाही लागत. “एका वेळी साधारण किती मीटर नेतात?” हा प्रश्न तुम्हाला फालतू वाटला तो यासाठी होता. तसंच ज्याच्याकडे एकच वस्तू ५ रंगांत आणि ६ मापांत येते त्याच्यासाठी तो एक आयटम नसतो, ३० असतात, आणि ते ३० एका तक्त्यात भरता येतात की एकेक करून टाइप करायचे यावर सॉफ्टवेअर टिकणार की महिन्यात बंद पडणार हे ठरतं. हे विचारल्याशिवाय नाव कसं सांगायचं हो?

संशयाबद्दल. बिल कॅन्सल कोण करू शकतं, डिस्काउंट किती आणि कोणाच्या लॉगिननं, बिल न करता गल्ला उघडला तर नोंद राहते का, हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. कॅश रजिस्टर मुळात निघालंच यासाठी, अमेरिकेतल्या डेटनमध्ये बार चालवणाऱ्या जेम्स रिटीनं १८७९ साली त्याचं पेटंट घेतलं ते गल्ल्यातले पैसे परस्पर जाऊ नयेत म्हणून. पण माझ्या मते याचा जास्त फायदा प्रामाणिक माणसालाच होतो. सगळे एकाच पासवर्डवर काम करत असले की पैसे कमी आले की संशय सगळ्यांवर जातो, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असलं की कोणावर उगाच बोट दाखवायची वेळच येत नाही. तुमच्या माणसांसाठीच विचारलं होतं.

आता मोठं पॅकेज. ते वाईट आहे असं आम्ही कधीच म्हणालो नाही. अनेक शाखा, गोडाऊन टू गोडाऊन ट्रान्सफर, रॅकनुसार जागा, लॉयल्टी पॉइंट, ज्याला लागतं त्यानं जरूर घ्यावं. पण त्यात प्रत्येक एंट्रीला जास्त रकाने भरावे लागतात, गर्दीत ते कोणी भरत नाही, आणि अर्धवट भरलेला डेटा कोऱ्या वहीपेक्षा जास्त फसवतो. डेमो छान वाटला म्हणालात, डेमोत कंपनीचाच स्वच्छ डेटा असतो, तो छानच वाटणार. म्हणून आम्ही म्हणत होतो की तुमचे सगळ्यात किचकट २० आयटम घेऊन डेमो मागा, रोज बिल करणारा माणूस खुर्चीवर बसवा, विकलेल्यातला थोडाच माल परत आला तर काय करायचं ते दाखवायला सांगा, आणि मधेच इंटरनेट काढून बघा बिल होतं का आणि नेट आल्यावर ते बिल एकदाच चढतं की दोनदा.

‘गळ्यात मारलं’ हा शब्द मात्र लागला. आम्ही सल्ल्याचे पैसे घेतो, कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीकडून कमिशन घेत नाही. त्या साध्या पॅकेजच्या बाजूनं आम्ही बोललो त्याचं मोठं कारण म्हणजे त्यातून तुमचा सगळा डेटा, आयटम मास्टर, स्टॉक, उधारी, जुनी बिलं, तुम्हाला स्वतःला बाहेर काढता येतो. उद्या धंदा वाढला, मोठं घ्यावंसं वाटलं, तर हे सगळं उचलून नेता येईल. वर्गणी बंद केल्यावर जुनी बिलं उघडतात का हे पैसे भरायच्या आधी विचारायचं असतं, नंतर विचारून उपयोग नसतो.

डेटा काढायला जमतं म्हटल्यावर एक सावधगिरी, कारण यात खूप जण फसतात. डेटा बहुतेक वेळा सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, बाहेर येतो, ती थेट एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. १३ आकडी बारकोड एक्सेल लांबलचक संख्या समजतं आणि ई+१२ असं काहीतरी दाखवतं, तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात आणि पन्नास आयटमचा बारकोड एकच होतो. सुरुवातीला शून्य असेल तर तेही उडतं. फाइल इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा. आणि ज्या मालावर कंपनीचा बारकोड नाही त्याला स्वतःचं लेबल लावताना मनाला येईल तो नंबर देऊ नका, १३ आकडी नंबरात २० ते २९ नं सुरू होणारे नंबर दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत, त्यातलेच घ्या म्हणजे उद्या कुठल्या कंपनीच्या मालाशी टक्कर होणार नाही. शेवटचा आकडा आधीच्या १२ वरून काढलेला तपासणीचा आकडा असतो, तो सॉफ्टवेअरला काढू द्या.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही, तुम्हाला त्रास झाला म्हणून तुम्ही लिहिलंत. पण वायरचं काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि आमच्या सल्ल्यातच धरलेलं आहे, वेगळे पैसे नाहीत. वायर आणि सुटं विकलं जाणारं बाकीचं सामान, एवढ्याच आयटमची शेवटची खरेदी बिलं काढून ठेवा, फोन करा, मी स्वतः येतो, तुमच्या बिलिंगवाल्याला शेजारी बसवूनच युनिट लावू, म्हणजे पुढच्या वेळी आमची गरज पडणार नाही. फक्त तोपर्यंत मायनस दिसणारे आयटम स्टॉक अ‍ॅडजस्टमेंट मारून, म्हणजे शिल्लक हातानं बदलून, शून्य करू नका. आत्ता निदान बिलं आणि एंट्र्या समोरासमोर ठेवून फरक कुठून आला ते शोधता येतं, मधे अ‍ॅडजस्टमेंट घुसली की प्रत्येक आयटम हातानं मोजत बसावं लागेल.