मंगेशी-शांतादुर्गेच्या नावाने फिरणारा मेसेज : जरा खुलासा

सध्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, की एकच देव मानणारा धर्म आला म्हणजे हिंसा आलीच, पुरावा काय तर पोर्तुगिजांमुळे जागा सोडावी लागलेले गोव्यातले देव, मंगेशी नि शांतादुर्गा. अर्धंच खरंय. गोव्यातल्या तिसवाडी, बारदेश, साष्टी या तालुक्यांतली देवळं पोर्तुगिजांनी पाडली, त्यावर कुणी पांघरूण घालू पण नये. पण 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश नदीपार नेला तो कुठे, तर फोंड्यातल्या प्रियोळला, आणि फोंडा तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे, म्हणजे तोही एकच देव मानणारा! हे बरं गाळलं मेसेजवाल्याने.

इन्क्विझिशनचंही, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाचंही, तेच. हिंदूंना झळ बसलीच, पण मुख्य रोख बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्यांवर होता. पणजीतल्या बागेला ज्याचं नाव आहे तो वैद्य गार्सिया द ओर्ता, मूळ ज्यू पण ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला, 1568 ला वारला, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं आणि 1580 ला त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. मेलेल्याची हाडं, आता बोला!

आणि 1763 ला फोंडा पोर्तुगिजांच्याच हातात आला, तेच कॅथलिक, तोच देव, इन्क्विझिशनही चालूच, तरी तिथली देवळं न पाडता तशीच उभी राहिली, कारण शेजारी मराठे आणि नवा मुलूख टिकवायचा तर लोकांना दुखवून भागणार नव्हतं. उलट बाजूला बघा, ढीगभर देव मानणाऱ्या रोमच्या सम्राट डायोक्लेशियनने 303 साली चर्चं पाडायचा हुकूम काढलेला, त्याचं काय करायचं मग?