एक्सेलला ‘जे’ कळत नाही म्हणे!

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्यांपासून ठाण्यातल्या डिप्लोमाच्या मुलांपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘एक्सेलला कॉम्प्लेक्स नंबर कळत नाहीत. आयएमवाली (IM ने सुरू होणारी, कॉम्प्लेक्स नंबरांसाठीची) फंक्शनं ॲड-इनशिवाय, म्हणजे वेगळी जोडणी चालू केल्याशिवाय, चालत नाहीत, चालली तर उत्तर चुकवतात. त्यापेक्षा रिअल-इमॅजिनरीचे दोन कॉलम करा.’

‘कळत नाहीत’ हे अर्धसत्य. कॉम्प्लेक्स नंबर म्हणजे ३+४जे अशी दोन भागांची संख्या: ३ रिअल, ४ इमॅजिनरी आणि जे म्हणजे −१ चं वर्गमूळ. हा ३+४जे एक्सेलच्या लेखी मजकूर असतो. त्यामुळे असे दोन सेल अधिक चिन्हाने जोडले की व्हॅल्यू एरर येते. सेलची रेंज देऊन बेरजेचं नेहमीचं सम (SUM) फंक्शन वापरलं तर आणखी घातक, मजकूर वगळून ते निमूट ० दाखवतं. बेरजेला आयएमसम, गुणाकाराला आयएमप्रॉडक्ट, भागाकाराला आयएमडिव्ह वापरायचं.

ॲड-इनची अट २००३ च्या आवृत्तीपर्यंत खरी होती. २००७ पासून ही फंक्शनं आतच आहेत.

‘उत्तर चुकतं’ याची मात्र नीट झडती घ्यायला हवी. २३० व्होल्टवर ३+४जे ओहमचा लोड घ्या. आयएमडिव्हमध्ये आधी २३०, मग लोडचा सेल दिला की करंट २७.६−३६.८जे येतो. आयएमॲब्सने त्याचं एकूण माप, ४६ अँपिअर. कोन देणारं आयएमआर्ग्युमेंट −०.९२७३ दाखवतं आणि इथेच ‘चुकलं’ अशी बोंब होते. तो कोन रेडियनमध्ये आहे. डिग्रीज फंक्शन लावा, −५३.१३ अंश मिळतील.

पॉवर काढताना चूक खरोखर होते, पण ती करणाऱ्याची. व्होल्टेजला करंटने थेट गुणलं तर ६३४८−८४६४जे येतं, म्हणजे लोड कपॅसिटरसारखा वागतोय असं दिसतं. आधी करंटवर आयएमकॉन्ज्युगेट लावा (ते जेच्या भागाचं चिन्ह उलटवतं), मग ६३४८+८४६४जे. त्यावरून पॉवर फॅक्टर (एकूण पॉवरपैकी खरं काम करणारा हिस्सा) ०.६ वरून ०.९५ वर न्यायला सुमारे ६.४ केव्हीएआरचे (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक) कपॅसिटर लागतील. चिन्ह उलटं राहिलं तर कपॅसिटर बसवायची गरजच दिसणार नाही.

बाकीच्या बहुतेक एरर लिहिण्यातल्या. पुस्तकातलं ३+जे४ चालत नाही, कॅपिटल जे (J) चालत नाही. दोन भागांतून असा नंबर बनवणाऱ्या कॉम्प्लेक्स (COMPLEX) फंक्शनला तिसऱ्या जागी अवतरणात जे दिला नाही तर ते आय लावतं, आणि एकाच सूत्रात आय-जे एकत्र आले की एरर ठरलेली.

आयएमपॉवरने जेचा वर्ग केला तर −१ च्या मागे १० च्या −१६ व्या घाताइतकं शेपूट येतं. ती दशांश गोल करताना उरलेली बारीक चूक आहे. आयएमप्रॉडक्टने तोच वर्ग नेमका −१ येतो.

दोन कॉलमांचा सल्ला एका ठिकाणी मात्र बरोबर आहे: मॅट्रिक्स. मॅट्रिक्स उलटवणाऱ्या एमइनव्हर्स आणि गुणणाऱ्या एममल्टला असा मजकूर पचत नाही. तिथे रिअल भागांचा ठोकळा आर, इमॅजिनरी भागांचा एक्स धरून वरच्या ओळीत आर आणि −एक्स, खालच्या ओळीत एक्स आणि आर असे चार ठोकळे मांडायचे. ३ नोडचं (सर्किटमधल्या जोडबिंदूंचं) गणित ६ बाय ६ होतं, पण सुटतं.