तळघरात झोपवलेली जास्वंद फेब्रुवारीत फुलत नाही

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडच्या मराठी घरांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: पहिला बर्फ पडायच्या आत जास्वंदीची कुंडी घरात घ्या. तळघरात अंधारात ठेवा, पाणी बंद करा, झाड झोपी जाईल. फेब्रुवारीत वर आणा, फांद्या निम्म्याने छाटा, केळीच्या सालीचं पाणी घाला. फूल आलं की ब्रशने दुसऱ्या कुठल्याही जास्वंदीचे परागकण त्यावर फिरवा. महिन्याभरात बी मिळेल, आणि लाल-पिवळ्याचा संकर केलात तर त्याच उन्हाळ्यात केशरी फूल!

यात डेलियाची पद्धत जास्वंदीला लावली आहे आणि वर शाळेतल्या रंगपेटीचं गणित जोडलं आहे. एकेक विधान घेऊ.

"पहिला बर्फ पडायच्या आत घरात घ्या"

बर्फाची वाट पाहिलीत तर उशीर झालाच. आपली जास्वंद उष्ण प्रदेशातली. रात्रीचा पारा 10 अंश सेल्सिअसच्या (50 फॅरनहाइट) खाली उतरू लागला की तिची वाढ थांबते, कळ्या गळतात. शून्यापाशी कोवळे शेंडे काळे पडतात. टोरांटोत ही वेळ सप्टेंबरच्या उत्तरार्धात येते, न्यू जर्सीत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्याआधी कुंडीवरचं लेबल मात्र वाचा. 'हार्डी हिबिस्कस' किंवा 'रोज ऑफ शेरॉन' असेल तर ते झाड बाहेरच राहू द्या. हे जास्वंदीचे थंडी सोसणारे भाऊबंद. त्याला थंडी हवीच असते, घरात आणून उलट त्याचे हाल होतात.

मजकुरात किडीचा शब्दही नाही, आणि घरात आणलेली कितीतरी झाडं किडीपायीच जातात. उन्हाळाभर बाहेर राहिलेल्या झाडावर पांढरी माशी, मावा, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी यांपैकी काही ना काही असतंच. बाहेर त्यांना खाणारे भुंगे, शिकारी कोळी असतात, पाऊस असतो. घरात यांपैकी काहीच नाही. म्हणून आत आणायच्या दोन आठवडे आधी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग कीटकनाशक साबण (भांड्यांचा नव्हे) लिटरला 15 ते 20 मिली या प्रमाणात, खालच्या बाजूने पानं निथळेपर्यंत मारा. एकदा मारून भागत नाही, कारण साबणाने अंडी मरत नाहीत. पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन फवारे हवेत. आत आणल्यावर कुंडीत एक पिवळा चिकट सापळा खोचून ठेवा. पांढरी माशी शिल्लक असेल तर दोन दिवसांत कळतं.

"अंधारात ठेवा, पाणी बंद करा, झाड झोपी जाईल"

डेलिया झोपते, कारण तिच्या कंदात पुढच्या वर्षीचा शिधा साठवलेला असतो. जास्वंदीला कंद नाही. ती बारमाही हिरवी राहणारी झुडूप आहे. पानगळ हा तिचा स्वभाव नसून तिची तक्रार आहे. अंधारात पानं गळतात, मग ती खोडातल्या थोड्याफार साठ्यावर जगते. पाणीही तोडलंत तर आधी बारीक तंतुमुळं सुकतात आणि फेब्रुवारीत पाणी घातलं तरी ते शोषायला खाली काही उरत नाही. खोड मात्र अजून हिरवं दिसतं, त्यामुळे माणूस आशेवर राहतो.

या पद्धतीने झाड कधीच जगत नाही असं मात्र नाही. तळघर 10 ते 13 अंशांवर स्थिर असेल, एखादी छोटी खिडकी असेल आणि तीन-चार आठवड्यांतून एकदा माती जेमतेम ओलावेल इतकं पाणी मिळालं, तर काटक जुन्या जाती निभावतात. पण अमेरिकेतलं बहुतेक तळघर घर तापवणाऱ्या भट्टीमुळे 18-20 अंशांवर असतं. ऊब आहे आणि उजेड नाही, अशा जागी झाड पांढुरके, लांबट शेंडे काढत राहतं आणि उरलासुरला साठा त्यातच संपवतं. थंडी आणि अंधार एकत्र चालतात, ऊब आणि उजेडही. ऊब आणि अंधार मात्र नाही.

माघी गणेशजयंतीला घरचं फूल हवं असेल किंवा वसंताआधी बी धरायचं असेल, तर झाड झोपवण्यात अर्थच नाही. ते जागं ठेवायचं. त्यासाठी दक्षिणेची खिडकी लागते आणि तीही बहुधा पुरत नाही. डिसेंबरअखेर टोरांटोत दिवस नऊ तासांचाही नसतो. पांढऱ्या उजेडाचा एलईडी ग्रो लाइट शेंड्यांपासून 20 ते 30 सेंटिमीटरवर टांगून, टायमर लावून रोज 12 ते 14 तास चालवा. दिवसा 18 ते 24 अंश, रात्री 15 च्या खाली नाही.

कुंडीची जागा निवडताना जमिनीकडे बघा. इकडच्या घरांत हीटिंगची जाळी नेमकी खिडकीखाली असते. तिथे कुंडी ठेवली की एका बाजूने काचेची थंडी आणि खालून कोरडा झोत. काचेला टेकलेल्या पानांवर काळे डाग पडतात, झोतात सापडलेल्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच गळतात आणि लाल कोळ्याला तर कोरडी ऊब म्हणजे पर्वणी. पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले की पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर तो कोळी. जाळीवर झोत वळवणारं झाकण लावा किंवा कुंडी दोन फूट सरकवा. दिवसातून चारदा पाणी शिंपडून हवेतला दमटपणा वाढत नाही, तो पाचदहा मिनिटांत उडून जातो. दमटपणा हवाच असेल तर ह्युमिडिफायर लावा. पण दर आठवड्याला न्हाणीघरात नेऊन पानं खालून धुतलीत तर कोळ्याविरुद्ध त्याचा उपयोग जास्त होतो.

"पानं पिवळी पडली तर पाणी आणि खत वाढवा"

हे वाक्य मजकुराच्या काही आवृत्त्यांत शेवटी चिकटवलेलं असतं, आणि सगळ्यांत घातक तेच आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून खिडकीत आल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत जुनी पानं पिवळी होऊन पडणारच. कमी उजेडात तेवढी पानं झाडाला पोसवत नाहीत. अशा वेळी जास्त पाणी म्हणजे थंड चिखलात मुळं कुजवणं. बोट दोन पेरं मातीत घाला, तिथे कोरडं लागलं तरच पाणी द्या. नळाचं बर्फगार नको, खोलीच्या तापमानाचं. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

केळीच्या सालीच्या पाण्याने थंडीत एकच गोष्ट जोमाने वाढते: चिलटं. खत नवी पालवी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण मार्चपर्यंत, बंदच ठेवा. झाड दिव्याखाली सतत वाढतच असेल तर पाव मात्रा पुरे. नंतर अर्ध्या मात्रेने पंधरवड्यातून एकदा. पाकिटावरच्या तीन आकड्यांपैकी मधला म्हणजे फॉस्फरस. तो मोठा असलेलं 'ब्लूम बूस्टर' जास्वंदीला मानवत नाही. मधला आकडा सर्वांत लहान आणि शेवटचा (पोटॅश) मोठा असलेलं घ्या.

"फेब्रुवारीत निम्मं छाटा, आणि फूल आलं की परागण करा"

इथे मजकूर स्वतःच्याच पायात अडकतो. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. फेब्रुवारीत निम्मं झाड कापल्यावर नवी फूट निघून कळी उमलायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे फूल एप्रिल-मेमध्ये. तळघरातून निष्पर्ण वर आलेल्या झाडाला तर त्याहूनही उशीर. फेब्रुवारीत फूल हवं असेल तर ज्या फांद्यांवर कळ्या आहेत त्या ठेवा, फक्त आत वळलेल्या आणि किडक्या काढा, मोठी छाटणी बियांची बोंडं पिकल्यावर करा. दोन झाडं असतील तर सोपं आहे: एक छाटा, दुसरं बियांसाठी राखा. छाटलेल्या फांद्या फेकू नका, त्यांचा उपयोग पुढे येतोच आहे.

"ब्रशने कुठल्याही जास्वंदीचे परागकण फिरवा"

या विधानात एक गोष्ट बरोबर आहे: थंडीत घरात मधमाशी नसते, त्यामुळे संकर शुद्ध राहतो. शिवाय उन्हाळ्यात 32-35 अंशांवर परागकण निकामी होतात आणि धरलेली बोंडं गळतात, ती भीती नसते. वसंताआधीचा काळ यासाठी खरंच उत्तम आहे. चूक आहे ती 'कुठल्याही' या शब्दात.

आपल्या अंगणातली साधी लाल जास्वंद सहसा बी धरतच नाही. पिढ्यानपिढ्या ती फांदीवरूनच वाढवली गेली. भरगच्च दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, तिथे पराग सापडले तर नशीब. एकेरी, मोठ्या फुलांच्या आधुनिक संकरित जाती बी धरायला बऱ्या, पण त्यांतही काही फक्त पराग देतात आणि काही फक्त बोंड. म्हणून प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी करून पाहा. झुंबर जास्वंदीशी संकर जमतो. रोज ऑफ शेरॉनशी जमवायचा नाद सोडा.

आता कृती. फुलाच्या मधून निघणाऱ्या नळीवर पिवळे परागकोश असतात आणि टोकाला मखमली गोंड्यांसारख्या पाच कुक्षी. सकाळी फूल उमलतं तेव्हा परागकोश बंद, घट्ट असतात. दहा-अकराच्या सुमारास ते फुटून पराग फुलारतात. दाणे इतके मोठे की नुसत्या डोळ्यांना दिसतात. आई म्हणून निवडलेल्या फुलाचे परागकोश फुटायच्या आत चिमट्याने काढून टाका. मग बापाचं फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडून धरा आणि नळीच आईच्या कुक्षींवर टेकवा. ब्रश लागतच नाही. ब्रशच्या केसांत मागच्या फुलाचे दाणे अडकून राहतात आणि बाप कोण हे कळेनासं होतं. पाचही कुक्षी माखल्या पाहिजेत. दोन फुलं एकाच दिवशी उमलली नाहीत तर बापाचं फूल कोरड्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत पराग चालतात. देठाला चिठ्ठी बांधा: आधी आईचं नाव, मग बापाचं, तारीख. शाईचं पेन नको, शिसपेन्सिल. पाण्याने अक्षरं पुसत नाहीत.

फूल वाळून पडेल ते पडू द्या, ओढू नका. त्याखालची हिरवी वाटी आठवडाभरात पिवळी झाली तर संकर फसला. हिरवीच राहून फुगू लागली तर बोंड धरलं. त्या काळात माती पूर्ण सुकू देऊ नका, कुंडी हलवू नका, फवारे मारू नका. एका चुकलेल्या पाण्याने महिन्याचं बोंड गळतं.

"महिन्याभरात बी, उन्हाळ्यात केशरी फूल"

बोंड पिकायला आठ ते बारा आठवडे लागतात. फेब्रुवारीच्या मध्यावर धरलेलं बोंड एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तपकिरी होऊन तडकेल, कपाशीच्या बोंडासारखं; दोन्ही झाडं एकाच कुळातली. तडकताना बी उडतं, म्हणून महिनाभर आधीच जाळीदार कापडाची छोटी पिशवी बांधा. आत कधी तीन बिया निघतात, कधी वीस.

बीच्या कवचाला टोकदार बाजू सोडून नेलकटरने किंचित चीर द्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, एक सेंटिमीटर खोल पेरा, खाली हीट मॅट लावून 25 ते 27 अंश ठेवा. तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही उगवतं. रोप पहिलं फूल देतं ते लवकरात लवकर नऊ महिन्यांनी, अनेकदा दीड-दोन वर्षांनी. त्याच उन्हाळ्यात नाही.

आणि केशरीचं काय? जास्वंद मुळातच अनेक संकरांतून घडलेली आहे. तिच्या गुणसूत्रांचे संचही दोनच नाहीत, आणि जातीगणिक त्यांची संख्या बदलते. लाल-पिवळ्याच्या एकाच बोंडातल्या दहा बियांतून दहा वेगळी फुलं येतात: एखादं गुलाबी, एखादं मळकट विटकरी, दोन-तीन आईपेक्षा लहान, कदाचित एक केशरी. संकर करणारे यातलं एखाददुसरं ठेवतात, बाकीची देऊन टाकतात. हवा तोच रंग हवा असेल तर बी नाही, फांदी लावा. छाटणीतल्या अर्धवट पक्व फांद्यांचे 10 ते 12 सेंटिमीटरचे तुकडे, वरची दोन पानं ठेवून, रूटिंग हार्मोनमध्ये (मुळं फुटायला मदत करणारं औषध) बुडवून ओलसर परलाइटमध्ये (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) खोचा. वर पारदर्शक झाकण, खालून 24-25 अंशांची ऊब. चार ते आठ आठवड्यांत मुळं फुटतात. मोठ्या फुलांच्या काही संकरित जाती मात्र स्वतःच्या मुळांवर रडतखडत वाढतात. त्यांची पाचर कलम काटक जातीवर करावी लागते.