मुलांना विचारा, पण बेतानं

मुंबईतल्या एखाद्या बालगृहात अधीक्षक म्हणून नुकतेच रुजू झालात? अभिनंदन. आता संकट समजून घ्या. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये लिहून ठेवलंय, की मुलाच्या हिताशी संबंधित प्रत्येक निर्णयात त्याचं म्हणणं ऐकायचं आणि वय व समज पाहून ते विचारात घ्यायचं. घाबरू नका. समज मोजायची पट्टी कायद्यानं दिलेली नाही. ती तुमच्याच ड्रॉवरमध्ये आहे.

२०१६च्या आदर्श नियमांप्रमाणे बाल समित्या तीन लागतात: ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ वयोगटाच्या, आणि त्यांत फक्त मुलंच. तुम्ही एकच करा. मोठा दादा रात्री कुणाचं अंथरूण ओढतो, हे त्याच दादाच्या अध्यक्षतेखाली सात वर्षांचं पोर कशाला सांगेल? अध्यक्ष निवडू देऊ नका, नेमा. पाहुण्यांपुढे स्वागतगीत म्हणणारा उत्तम. शिवाय शिस्तीसाठी एक काळजीवाहक मध्यभागी खुर्ची टाकून बसवा. बैठक दरमहा घ्यायची असते, पण वर्षभराची नोंदवही तपासणीच्या आदल्या रात्रीही पुरी होते. फक्त पेन बदला. बारा महिन्यांची इतिवृत्तं एकाच शाईत दिसली, की तपासायला आलेल्यांना ती नाइलाजानं वाचावी लागतात. मजकूर ठरलेला: ‘आहाराबाबत चर्चा झाली. मुलांनी समाधान व्यक्त केले.’

खरी कसोटी सूचना पेटीची. नियम म्हणतो, पेटी कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे. आणि दर आठवड्याला बाल समितीच्या मुलांसमोर ती उघडायची. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये साहेबांना एवढा त्रास? पेटी तुमच्या केबिनच्या दाराशी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली लावा. किल्ली तुमच्याच जुडग्यात. तरी चिठ्ठी निघालीच, तर अक्षर ताडून बघा, अभ्यासाच्या वह्या हाताशी असतातच. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती सगळ्यांसमोर वाचा आणि प्रेमानं विचारा, ‘कुणी लिहिलं रे? मी रागावणार नाही.’ पुढच्या महिन्यात पेटी रिकामी. अहवालात लिहा: तक्रारी निरंक. १०९८चा, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनचा फलकही अवश्य लावा, मात्र फोन तुमच्या टेबलावर.

व्यवस्थापन समितीत मुलांचे प्रतिनिधी बसवावे लागतात. बैठक शाळेच्या वेळेत ठेवा; गैरहजेरी त्यांची लागते, तुमची नाही.

तरीही लोकशाही दिसली पाहिजे. त्यासाठी रविवारच्या नाश्त्यावर हात वर करून मतदान घ्या: उपमा की पोहे? फोटो काढा. (१४ नोव्हेंबरला कंपन्यांचे पाहुणे केक घेऊन येतात, तेव्हा दाखवायला बरा पडतो.) दिनचर्याही बाल समितीला विचारून ठरवायची असते, पण टीव्ही किती वाजता बंद व्हावा हे एकदा विचारलंत तर उद्या शौचालयाच्या कडीबद्दल बोलतील.

व्यक्तिगत काळजी आराखडा, म्हणजे नमुना ७, मुलाशी बोलून भरायचा असतो. आधीच्या मुलाचा उतरवा, नाव बदला, ‘तो’चं ‘ती’ करायला विसरू नका. तिथंच पकडलं जातं. दहावीनंतर अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा कॉलेजांचा पसंतिक्रम देता येतो. पसंती कुणाची, ते अर्जात विचारत नाहीत. बसचा पास वाचेल असं जवळचं कॉलेज वर टाका. मुलगी असेल तर तिला विचारण्याआधीच शिवणकाम ठरवून मोकळे व्हा.

दुसऱ्या संस्थेत बदली करायची असेल तर त्याच दिवशी सकाळी सांगा. आधी कळलं, तर मुलगा त्याच्याबद्दलचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे ‘मला इथंच राहायचंय, माझी बहीण शेजारच्या इमारतीत आहे’ असं बोलेल, आणि समितीला ते नोंदवावं लागेल. चार्जर, मित्र, क्रिकेटची टीम वगैरे किरकोळ सामान मागाहून पाठवतो म्हणावं.

आणि अठरावा वाढदिवस. आदल्या दिवसापर्यंत ज्याला आंघोळीची वेळ ठरवता येत नव्हती, त्याला त्या दिवशी सगळे निर्णय एकदम सोपवा: नालासोपाऱ्यात खोली घ्यायची की कुर्ल्यात कुणाच्या खोलीत भाडं वाटून राहायचं, डिपॉझिट कुठून आणायचं, अकरा महिन्यांच्या करारावर साक्षीदार कोण. २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, मिळू शकते, हे त्यानं विचारलं तर जरूर सांगा. तो विचारणार नाही. विचारलं की संध्याकाळी प्रार्थनेनंतर काय होतं, हे त्यानं पाहिलेलं आहे.