तीन मुलं, नव्वद तास

गेल्या दोन-तीन वर्षांत भारतातल्या थोरामोठ्यांनी तरुणांना दोन सल्ले दिले. भरपूर काम करा, आणि भरपूर मुलं होऊ द्या.

कामाचा सल्ला नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला: आठवड्याला सत्तर तास. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं बोलणं बाहेर आलं, त्यात आकडा नव्वदवर गेला होता आणि वर प्रश्न होता की रविवारी घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघणार? मुलांचा सल्ला दक्षिणेतून निघाला. राज्य म्हातारं होत चाललंय, जास्त मुलं हवीत, असं चंद्राबाबू नायडू ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हणाले. त्याच सुमारास स्टॅलिन यांनी एका सामुदायिक विवाहसोहळ्यात सोळा मुलांची भाषा केली. निम्मी थट्टा होती, निम्मी काळजी, कारण लोकसंख्येनुसार मतदारसंघांची फेररचना झाली तर तमिळनाडूचे खासदार कमी होतील ही धास्ती होतीच. डिसेंबरात नागपुरात मोहन भागवतांनी तीन हा आकडा सांगितला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत पुन्हा सांगितला.

सल्ले देणारी मंडळी वेगळी, व्यासपीठं वेगळी, म्हणून हे दोन सल्ले शेजारी ठेवून वाचायचं फारसं कुणाला सुचत नाही. मी ते आमच्या घरच्या ग्रुपवर एकाखाली एक वाचते. आणि दोन्हीखाली कुणीतरी लिहिलेलं असतंच, "जपानकडे बघा." सत्तर तासवाले म्हणतात, युद्धानंतर जपान कसा उभा राहिला बघा. मूर्तींनीही जपान आणि जर्मनीचाच दाखला दिला होता. तीन मुलंवाले म्हणतात, जपान कसा आटत चाललाय बघा. मी टोकियोत राहते, त्यामुळे मामाचा निरोप ठरलेला: "अगं, तू तिकडेच आहेस, तूच सांग यांना."

सांगते मामा. तो एकच जपान आहे.

युद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत इथल्या पुरुषाने कंपनीला आयुष्य वाहिलं हे खरंच आहे. सकाळी लवकर निघायचं, साहेब उठेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, मग साहेबाबरोबर प्यायला बसायचं आणि शेवटची गाडी पकडून घरी. हे निभलं, कारण घरी एक बाई पूर्णवेळ होती. डबे, मुलांचे अभ्यास, सासूचं आजारपण, शाळेतल्या पालकसभा, सगळं तिच्या डोक्यावर. सरकारनेही घडी तशीच बसवून दिली. १९६१ पासून घरी असलेल्या बायकोपोटी नवऱ्याला करात सवलत मिळू लागली, १९८६ पासून अशा बायकोला एकही हप्ता न भरता पेन्शनचा हक्क मिळाला. ज्याच्या मेहनतीची आपण गाणी गातो तो माणूस एकट्याने राबत नव्हता. एका पगारात कंपनीला दोन माणसं मिळत होती. १९७३ साली या देशात सुमारे २० लाख ९० हजार मुलं जन्मली, ती याच घडीतून.

मग मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या. १९८५ मध्ये समान संधीचा कायदा झाला. ऑफिसच्या वेळा मात्र ज्याच्या घरी बायको आहे अशा पुरुषाला धरूनच राहिल्या. आता त्या वेळा बाईनेही पाळायच्या, आणि घरची बाईही तिनेच व्हायचं. तिने शांतपणे लग्न लांबवलं. इथे लग्नाशिवाय मूल होणं अगदी विरळ, शंभरात दोन-तीन. त्यामुळे लग्न राहिलं की मूलही राहिलं. २०२० च्या जनगणनेत पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेले पुरुष २८ टक्के निघाले आणि बायका जवळजवळ १८ टक्के.

धोक्याची घंटा बरीच आधी वाजली होती. १९८९ सालचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.५७ भरला आणि देशभर खळबळ माजली, कारण तो १९६६ च्याही खाली गेला होता. १९६६ हे 'अग्नी-अश्व' वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते अशी समजूत, अगदी आपल्याकडच्या मंगळासारखी. त्या भीतीने लोकांनी त्या वर्षी मुलंच टाळली होती. (हे वर्ष साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणजे २०२६ लाच.) अंधश्रद्धेने जेवढी घट झाली नव्हती तेवढी कोणत्याही भीतीशिवाय झाली, तेव्हा सरकार जागं झालं. १९९४ पासून योजनांवर योजना आल्या. २०२४ मध्ये जपानी मुलं जन्मली ६ लाख ८६ हजार, जननदर १.१५.

मधल्या तीस वर्षांत सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असंही नाही. पाळणाघरांच्या प्रतीक्षायादीत २०१७ मध्ये देशभरात २६ हजारांवर मुलं होती, २०२४ मध्ये अडीच हजारांच्या आसपास उरली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी २०१९ पासून माफ आहे. त्याच वर्षी ओव्हरटाइमवर कायद्याने मर्यादा आली, एरवी महिन्याला ४५ तास. बाळंतपणानंतर रजा घेणारे बाप २०१४ मध्ये शंभरात दोन होते, २०२४ मध्ये चाळीस झाले. टोकियो महानगर सरकारने तर लग्न जुळवणारं ॲपही काढलं. सरकारी वधू-वर सूचक मंडळच म्हणा. नाव नोंदवायला अविवाहित असल्याचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक मंडळांपेक्षा ते जास्त खात्रीचं असावं.

तरीही पाळणा हलेना. का, ते मला आकड्यांपेक्षा एका वहीत जास्त दिसलं.

माझी मुलगी इथल्या पाळणाघरात जायची तेव्हा तिच्या दप्तरात एक वही असायची. रोज सकाळी त्यात भरायचं: रात्री काय जेवली, किती वाजता झोपली, शी कशी झाली, सकाळी ताप किती. प्रत्येक डायपरवर मुलीचं नाव. आणि एक रकाना, आज न्यायला कोण येणार. संध्याकाळी बाई त्याच वहीत दिवसभराचं लिहून देत, इतक्या आत्मीयतेने की एखाद्या आजीनेही इतकं लक्ष दिलं नसतं. पण न्यायला कोण, या रकान्यात शेजारच्या वह्यांतही रोज बहुतेक आईच असायची. मुलीचं अंग ३७.५ अंशांच्या वर तापलं की फोन यायचा. फॉर्मवर नवऱ्याचा नंबर आम्ही मुद्दाम पहिला दिला होता. फोन मला यायचा.

व्यवस्था उत्तम होती. पण ती वही आईला धरूनच आखलेली होती आणि ऑफिस बायको असलेल्या पुरुषाला धरून. २०२१ च्या सरकारी पाहणीत सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात घरकाम आणि मुलांसाठी बायको दिवसाला ७ तास २८ मिनिटं देत होती, नवरा १ तास ५४ मिनिटं. आणि ही स्थिती सुधारणा झाल्यानंतरची.

आता आपल्याकडे वळू. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. शिवाय जे पुरुष घरकाम करतात त्यांची ही सरासरी. बहुतेक पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे भारतातले निम्मे कामगार आठवड्याला ४९ तास किंवा त्याहून जास्त राबतात. हिंजवडीच्या रांगेत किंवा विरार लोकलच्या दारात जाणारा वेळ त्यात धरलेला नाही. मेहनतीच्या बाबतीत जपानला मागे टाकून आपल्याला बराच काळ लोटला, फक्त ते सल्ला देणाऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही. आणि जननदर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशाचा २.० आणि महाराष्ट्राचा १.७ होता. जपान १.७ वर होता तेव्हा इथे कुणी काळजीही करत नव्हतं.

माझी पुण्यातली मैत्रीण मला म्हणते, तुला सांगायला काय जातंय, तुमच्याकडे आठवड्यात चार दिवसच काम. (टोकियो महानगर सरकारने एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या कर्मचाऱ्यांना ती मुभा दिली आहे. माझ्या ऑफिसला त्याचा वाराही लागलेला नाही.) मी तिला म्हणते, आणि तुझ्याकडे तुझी आई आहे. भारतातल्या मध्यमवर्गाचं खरं पाळणाघर म्हणजे आजी-आजोबा. त्यांची रजा कुणी मोजत नाही, त्यांच्या निवृत्तीनंतरच्या मोकळ्या वेळेबद्दल कुणी लेख लिहीत नाही. इथे आजीला आणायचं तर नातेवाइकांचा व्हिसा नव्वद दिवसांचा. मग टोकियोतल्या मराठी घरांत आज्यांची पाळी लागते: आधी आईची आई, ती परतली की बाबांची. दोघींच्या मध्ये पडलेला खड्डा जी बुजवते ती बहुधा नोकरीतून रजा घेणारी सून.

या एका बाबतीत घरचं पारडं जड आहे हे मी हातचं न राखता मान्य करते. माणसं आहेत, दार वाजतं, मूल चार जणांच्या अंगाखांद्यावर वाढतं. मात्र माझ्या मैत्रिणीची जी संध्याकाळ मोकळी होते त्यात पोळ्या करणाऱ्या मावशींचा मोठा वाटा आहे, आणि त्या मावशींची मुलं त्या वेळी कुठे असतात हे आम्ही कधी विचारलेलं नाही. इथे घरकामाला माणूस परवडत नाही. त्यामुळे आपल्या ताटाची किंमत आपल्यालाच कळते, आणि नवऱ्याला तर फारच कळते. तो भाजी उत्तम करायला शिकला. पुण्यात शिकला असता का? मला शंका आहे.

फुरसतीचं म्हणाल तर ती जपानमध्येही उरली आहे, पण एकेकट्याची. जेवणाच्या दुकानात एकेका खुर्चीपुढे फळी लावून केलेले कप्पे, एकट्याने गायच्या कॅराओकेच्या खोल्या. मला यात दुःखच दिसतं असं नाही. भरल्या घरात वाढलेल्या बाईला एकटीने गरम सूप पिण्यात काय सुख असतं ते मी जाणते. वाईट वाटतं ते सकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या दाराशी. दार उघडायच्या आधीच सत्तरीतले काही पुरुष येऊन थांबलेले असतात, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. आत गेले की आपापलं वर्तमानपत्र घेऊन ठरलेल्या खुर्चीत. त्यांनी सत्तर-ऐंशी तास दिले होते. घरात त्यांची जागा कधी तयारच झाली नाही आणि बायकोने आपला दिवस त्यांच्याविना कधीच लावून घेतला. इथल्या घटस्फोटांत पाचातला एक तरी वीस वर्षांहून जुन्या संसाराचा असतो. बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघणार, या प्रश्नाला इथल्या बऱ्याच बायकांनी उत्तर देऊन टाकलंय.

ऑफिसचे तास कमी केले की घराघरात पाळणे हलतील, असा माझा दावा नाही. फिनलंडमध्ये रजा भरपूर आणि पाळणाघरं सढळ, तिथेही जननदर २०२४ मध्ये १.२५ पर्यंत उतरला होता. लोकांना मूल का हवंसं किंवा नकोसं वाटतं हे कुठल्याच सरकारला नीट उमगलेलं नाही. माझी तक्रार त्याच्या आधीची आहे. संध्याकाळी सहा ते दहा या वेळेवर मूर्ती हक्क सांगतात उत्पादनासाठी आणि भागवत सांगतात लोकसंख्येसाठी. ती वेळ ज्यांची आहे त्यांना काही विचारलं जात नाही, आणि त्यातल्या बाईला तर दोन्हीकडून गृहीत धरलं जातं.

मराठीत ही चर्चा एके काळी नेमकी उलट्या टोकाने सुरू झाली होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा त्यांच्या मांडणीत शरीर बाईचं होतं आणि निर्णयही तिचा. त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले. पुढे १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं आणि बाईच्या जागी आकडा आला. आधी आकडा कमी करायचा होता, आता वाढवायचा आहे, इतकाच फरक.

तोही अजून धड झालेला नाही. तिसरं अपत्य झालं म्हणून सरपंचपद गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आपण २००१ पासून वाचत आलोय, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही छोट्या कुटुंबाची अट आहे. आंध्रने निवडणुकीची अट २०२४ मध्ये काढून टाकली. ज्यांना तीन मुलं हवीत त्यांनी भाषणाआधी हे कागद चाळावेत. प्रसूती रजेचा कायदा २०१७ मध्ये सुधारला तेव्हा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे दिले, तिसऱ्यासाठी १२. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला पितृत्व रजा मिळते १५ दिवस, पण हयात मुलं दोनपेक्षा कमी असली तरच. तिसऱ्याच्या वेळी त्याने कामावर जायचं आहे.