माझं बाद झालेलं मत

ताईने सकाळी एक स्क्रीनशॉट पाठवला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. भाच्याच्या वर्गात, सहावीत, मॉनिटर निवडायला चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यायचं मॅडमनी ठरवलं होतं. तर पालकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'शाळेत पॉलिटिक्स नको, मुलं बिघडतात.' खाली अंगठ्यांची रांग. शाळेनेही लगेच मतदान रद्द करून ज्याला जास्त मार्क त्याला मॉनिटर करून टाकलं.

अरे, काय बिघडणार होतं पोरांचं?

२००७ ला मी सातवीत होते, बोदवडजवळच्या एका गावात. त्या जुलैत आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता, कारण प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतीपदाला उभ्या होत्या आणि त्यांचा जन्म नाडगावचा, म्हणजे आमच्याकडून सायकलवर जाता येईल एवढं जवळ. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आपली बाई राष्ट्रपती होऊन राह्यली." घरात बाबा आणि काका शिवसेनेवरून भांडायचे, भाजपसोबत युतीत असून भाजपचा पाठिंबा असलेल्या शेखावतांना सोडलं आणि मराठी म्हणून ताईंना पाठिंबा दिला, बाबांना त्याचा अभिमान आणि काकांच्या मते तो दगा.

आमच्या गणिताच्या सरांनी मात्र, राष्ट्रपती आपले खासदार-आमदार निवडतात म्हणून, फळ्यावर सरळ भागाकार मांडला. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, भागिले २८८ आमदार, भागिले १०००. उत्तर १७५, ही आपल्या एका आमदाराच्या मताची किंमत. यूपीच्या आमदाराची २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराची फक्त ७ म्हटल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी "अरेरे" केलं. १९७१ चाच आकडा का, तर ज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून, हेही तिथेच कळलं. आता हे पॉलिटिक्स म्हणायचं का गणित?

मग सरांनी वर्गातच मतदान घेतलं. खऱ्या निवडणुकीत खासदारांची मतपत्रिका हिरवी आणि आमदारांची गुलाबी, म्हणून आम्हा 'आमदारांना' गुलाबी घोटीव कागदाच्या चिठ्ठ्या. सरांनी दोन नावं लिहिलेली, आपण पुढे पसंतीचा १ आणि २ टाकायचा. मी काय केलं, खाली तिसरं नाव लिहिलं, 'कलाम', आणि त्याच्यापुढे १. मला कलामच परत हवे होते! ते उभेच नव्हते हे माहीत होतं, पण त्या गावात त्या महिन्यात हे तोंडाने बोलायची सोय नव्हती.

(प्रतिभाताईंवर पुढे टीका झाली ते माहितीये, कमेंटमध्ये सुरू होऊ नका.)

मान्य, काही मास्तर पोरांच्या डोक्यात आपलाच पक्ष भरतात. असतात असे. पण आमच्या सरांचं मत कोणाला होतं हे मला आजही माहीत नाही.

मोजणीत माझी चिठ्ठी उघडली तेव्हा सर क्षणभर थांबले. माझ्या क ला शेपूट नसायची, वह्या तपासून तपासून त्यांना ते पाठ होतं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "बाद" म्हणाले, चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुढची उचलली. पोरं ओरडत होती, सर कोणाची, कोणाची, सर दाखवा ना. नाही दाखवली.

खरा निकाल २१ जुलैला लागला, शनिवार, सकाळची शाळा. घरी आले तर लोडशेडिंग, मग काकांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं, ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. फटाके, पेढे, आजी तर रडलीच. मीपण दोन पेढे खाल्ले, खोटं कशाला बोलू.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पालकालाही भीती वाटत असेल, मोठी माणसं मतावरून एकमेकांना काय काय बोलतात ते मोबाईलवर रोज दिसतंच. पण तो गुलाबी कागद डोळ्यांसमोरून जात नाही.

मघाशी भाच्याला फोन केला, विचारलं, तू कोणाला मत देणार होतास रे?

म्हणाला, "मावशी, ते सांगायचं नसतं. मॅडम म्हणाल्यात."