पेट्रोल 60 रुपयांत मिळेल म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. म्हणे क्रूड (कच्चं तेल) 2013 पेक्षा कितीतरी स्वस्त झालंय, पेट्रोल महाग आहे ते जुन्या सरकारच्या ऑइल बॉन्डमुळे (तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले कर्जरोखे), जीएसटीत आणलं की 60 ला मिळेल, आणि तोवर सगळ्यांनी एक दिवस पंपावर जायचं नाही.

क्रूड स्वस्त झालं ते डॉलरमधे, आपण भरतो रुपयात. बॅरलमधे 159 लिटर असतं. 2013-14 ला क्रूड साधारण 105 डॉलर आणि डॉलर 60 चा, म्हणजे लिटरला 40 रुपये. 2025 चं 70 डॉलर धरा, डॉलर 86 चा, आले 38. झाली की स्वस्ताई! वाढला तो टॅक्स. केंद्राची पेट्रोलवरची एक्साइज (उत्पादन शुल्क) एप्रिल 2014 ला लिटरला 9.48 रुपये होती, मे 2020 मधे लॉकडाऊनला क्रूड मातीमोल झालेलं तेव्हा ती 32.98 वर नेली, मग दोनदा कमी करून 19.90 वर आणली आणि एप्रिल 2025 ला परत 2 रुपये वाढवले.

ऑइल बॉन्ड होते, खोटं नाही, पण 2014 ला शिल्लक सगळे मिळून 1.34 लाख कोटींच्या आसपास, आणि 2020-21 च्या एका वर्षात पेट्रोल-डिझेलच्या एक्साइजमधून आले तीन लाख कोटींच्या वर. आता बोला.

जीएसटीचं गणित जरा बघा कारण सगळे तिथेच फसतात. 2025 ला टॅक्सआधीचं पेट्रोल डीलरच्या कमिशनसकट 57 च्या आसपास पडत होतं, एक्साइज आणि व्हॅट (राज्याचा टॅक्स) काढून त्यावर नुसता जीएसटीचा जुना 28 टक्के लावला तरी 73, आणि 40 चा स्लॅब लावला तर 80. साठ कुठून आले? मुंबईत 2025 ला एक्साइजसकट रकमेवर 25 टक्के व्हॅट (हो, टॅक्सवर टॅक्स) आणि वर 5.12 रुपये सेस होता, म्हणजे लिटरमागे राज्याला पंचवीसेक रुपये. ते कुठलं राज्य सोडेल, पक्ष कुठलाही असो? सप्टेंबर 2021 ला लखनौच्या जीएसटी कौन्सिल मीटिंगमधे विषय निघाला आणि आत्ता नको म्हणून बाजूला ठेवला.

कमी करायचंच तर जीएसटी कशाला हवा? 2012 ला मुख्यमंत्री पर्रीकरांनी गोव्यात व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला, पेट्रोल एका फटक्यात 11 रुपयांनी उतरलं. पुढे तो परत वाढवला ती गोष्ट वेगळी.

आणि एक दिवस पंपावर न जाणारे आदल्या रात्रीच टाकी फुल करून ठेवणार, मी पण.